तिसऱ्या हाकेला

माझा आवाज मोठा आहे. देवळाली प्रवरातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली, आणि तेवढ्या वर्षांत मला माईकची गरज पडली नाही. झेंडावंदनाच्या दिवशी माईकने दगा दिला की हेडमास्तर घाम पुसत माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांचं भाषण एकेका वाक्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचो. आमच्या शिवारात उसाच्या आडोशाने बिबट्या फिरतो, पण शाळेच्या बाजूला तो कधी फिरकला नाही. त्याचं श्रेय गावातले काही लोक अजून मला देतात, आणि मी ते घेतो.

तर असा माणूस रिटायर झाला आणि घरी येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला. समोर चारशे मुलं नव्हती, एक बायको होती. आणि वर्षभराच्या आत तिला ऐकू येईनासं झालं.

सुरुवात चहापासून झाली. मी व्हरांड्यातून म्हणायचो, "अगं, चहा." आत शांतता. मग जरा चढ्या आवाजात, "अगं, चहा म्हणतोय मी!" तरी शांतता. एकदा दुसऱ्या हाकेला भिंतीपलीकडची शेजारीण म्हणाली, "ठेवलाय सर, आणते." तिने खरोखर आणलाही, आणि वर बिस्किटं. तिसरी हाक मी अगदी शाळेतल्या पट्टीत मारायचो. तिलाही उत्तर नाही आलं की चरफडत उठायचो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचो. बायको पाठमोरी, कणीक मळत असायची. सावकाश वळून विचारायची, "काही म्हनलात?"

आधी मला राग यायचा. मग भीती वाटायला लागली. माझ्या सासूबाई पुणतांब्याच्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांना पार ऐकू येईनासं झालं होतं. घरात दहा माणसं जमली, हसली, की त्याही एका कोपऱ्यात बसून हसायच्या, पण सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांचे चेहरे बघून. ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या हिचंही तसंच होणार, या विचाराने मला खुर्चीत बसल्या जागी घाम फुटायचा. आम्ही दोघंच घरात. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. हिला ऐकू आलं नाही तर मी कोणाशी बोलणार, आणि खरं सांगायचं तर कोणाशी भांडणार?

नगरला जाऊन कान तपासून घेऊ, असं मी तिला पन्नास वेळा म्हटलं. ते तिला मात्र ऐकू यायचं. ती म्हणायची, "नाताळ होऊ द्या." नाताळ झाला की, "इस्टर होऊ द्या." इस्टर झाला की लोणच्याच्या कैऱ्या यायच्या.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. ती रविवारी उपासनेला भजनी मंडळात गाते. पेटीवर सूर धरला की तिचा आवाज बरोबर त्याच सुरावर बसतो, ना खाली ना वर. कमी ऐकू येणाऱ्या बाईला हे कसं जमतं, हा प्रश्न मला पडला नाही. पी.टी.च्या मास्तराला प्रश्न पडत नसतात, तो ते दुसऱ्याला विचारतो.

मग माझं बीपी वाढलं. तपासणारा डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्याने पट्टा सोडला, तोंडावरचा मास्क नीट केला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, गोळी लिहून देतो, पण ओरडणं कमी करायला लागेल. समाजमंदिरात सकाळी योगाचा वर्ग असतो. तिथे जा." मी उसळलो. मी म्हटलं, "मी एकतीस वर्षं पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, मला कोण योग शिकवणार?" यावर माझी बायको, जी दाराजवळच्या बाकावर बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "उद्यापासून दोगं येतो म्हनून सांगा." मला वाटलं, तिने डॉक्टरचे ओठ वाचले असतील. मास्कमधून कसे वाचले, याचा विचार मी बऱ्याच दिवसांनी केला.

वर्ग घेणारी बाई म्हणजे माझीच एक माजी विद्यार्थिनी निघाली. आठवीत असताना कवायतीच्या रांगेत ती फिदीफिदी हसली होती आणि मी तिला मैदानाला पाच राउंड मारायला लावले होते. हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. मला बघताच पाया पडली आणि म्हणाली, "सर, तुमच्या राउंडमुळेच माझा श्वास सुधारला." म्हणजे कौतुक केलं की टोमणा मारला, ते मला अजून कळलेलं नाही.

वर्गात वीस-बावीस माणसं. त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या हाताखालून गेलेली. पहिल्या रांगेत साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणारा एक गडी, तोही माझा विद्यार्थी, अगदी पहिल्या बॅचचा. त्याच्या शेजारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी हिला काळजीने विचारलं होतं, "आपल्यात हे चालतं का गं?" तर ही म्हणाली, "पाळकसाहेबांचे गुडघे बगा आदी, मग मला इचारा." पाळकसाहेब खुर्चीला धरून वज्रासनात बसायचे आणि उठताना देवाचं नाव आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा घ्यायचे.

आसनं मला जमत होती. अडलं ते पुढे. बाई म्हणायची, "डोळे मिटा, श्वास येतोय, जातोय, फक्त बघा." मी बघायला गेलो की मोजायला लागायचो. मोजायला लागलो की हुकूम द्यायचो. एक, आत. दोन, बाहेर. रांगेत चला. चार-पाच दिवसांनी ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सर, श्वासाला ऑर्डर देऊ नका. तुम्ही पुटपुटताय, मागची रांग तुमच्या तालावर श्वास घेतेय." मी मागे वळून पाहिलं तर खरंच, सगळ्यांच्या छात्या एकदम वर आणि एकदम खाली. मला मनातून बरं वाटलं. शिस्त म्हणजे शिस्त.

मग तो दिवस आला. बाईंना एका लग्नासाठी संगमनेरला जायचं होतं. आदल्या दिवशी म्हणाली, "सर, उद्याचा वर्ग तुम्ही घ्याल का? आसनं तुम्हाला येतातच. शेवटी दहा मिनिटं शवासन द्या. त्यात तुम्ही काही करायचं नाही, सर. काहीच नाही."

मी रात्रीच कपाटातून शिट्टी काढून दोरीला नवी गाठ मारली. सकाळी आसनं आकड्यांवर करून घेतली, एकाचाही पाय उगीच हलला नाही. मग शवासन दिलं. सगळे आडवे झाले आणि मी एकटा उभा राहिलो. चार मिनिटं मी काही केलं नाही. एवढा वेळ काही न करता मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. पाचव्या मिनिटाला ट्रॅक्टरवाला घोरायला लागला. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने माझ्यातली एकतीस वर्षं जागी झाली. शिट्टी तोंडात कधी गेली ते मला कळलं नाही. मी ती वाजवली आणि ओरडलो, "सावधान!"

अख्खा हॉल उठून उभा राहिला. बँकेतल्या मॅडम, दूधवाले, दोन ग्रामसेवक, सगळे टाचा जुळवून, मुठी मांडीला लावून, नजर समोर. ट्रॅक्टरवाल्याचे डोळे मिटलेलेच, पण तो ताठ उभा राहून म्हणाला, "हजर, सर!" पाळकसाहेब माझ्या शाळेत कधी नव्हते, तरी दचकून निम्मे उठले आणि तिथेच कमरेत चमक भरून अडकले.

एकच व्यक्ती उठली नाही. दुसऱ्या रांगेत खिडकीशी माझी बायको उताणी पडून होती, तळवे आभाळाकडे, चेहरा शांत. पापणीसुद्धा हलली नव्हती.

ज्या शिट्टीने पाळकसाहेब अडकले, ती हिच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती. मी हॉलला 'विश्राम' म्हणायचंही विसरलो. सगळे तसेच सावधानमध्ये उभे आणि मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसलो. खांद्याला हात लावला. तिने सावकाश डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "झालं का?"

त्याच दिवशी मी नगरच्या कानाच्या दवाखान्यात फोन करून पुढच्या शनिवारची वेळ घेतली. यावेळी तिला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंना सगळा प्रकार आधीच कळला होता. गावात ट्रॅक्टरवाला असल्यावर पेपर कशाला लागतो? ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "सर, पाच राउंड मारायला लावले असते, पण तुमचं बीपी आहे. त्यापेक्षा आठ दिवस मौन धरा. घरीसुद्धा. शिट्टी माझ्याकडे द्या." शिक्षा मी मुकाट्याने घेतली. त्यामागे माझा हिशोब वेगळा होता. बायकोला ऐकू येणारच नसेल, तर न बोलता तिच्याबरोबर राहायची सवय मला आत्तापासून करायलाच हवी होती.

पहिल्या दिवशी व्हरांड्यात बसलो आणि चहाची तल्लफ आली. हाक मारता येईना. उठून आत गेलो. दुपारी चष्मा कुठे ठेवलाय ते विचारायचं होतं, उठून आत गेलो. संध्याकाळी नुसताच गेलो. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी एक लाकडी स्टूल आहे. त्यावर गप्प बसलो की खिडकीतून शेवग्याचं झाड दिसतं, हे मला त्या घरात बावीस वर्षं राहून पहिल्यांदा कळलं.

आणि ती बोलायला लागली. मी मधे बोलू शकत नाही म्हटल्यावर तिचं एक वाक्य पूर्ण व्हायला लागलं, मग दुसरं. मी मेथी निवडायचो आणि ती बोलायची. लहानपणी शाळेत तिला शिट्टीची भीती वाटायची. पी.टी.च्या तासाला ती पोट दुखतंय म्हणून वर्गात बसून राहायची. आणि मग स्थळ आलं ते माझं. "आईला म्हनलं, मानूस बरा दिसतोय, पर गळ्यात शिट्टी हाय," ती म्हणाली आणि पोळी उलटताना एकटीच हसत राहिली. मलाही हसू येत होतं, पण मौनात हसलेलं चालतं की नाही, हे मी विचारून घेतलं नव्हतं.

एक गोष्ट खटकायची. मी अनवाणी, पाय न वाजवता आत यायचो आणि ती पाठमोरी असूनही म्हणायची, "आलात?" मी मनाशी म्हटलं, बिचारीला फरशीचा हादरा कळत असेल. कान गेले की बाकीची इंद्रियं तीक्ष्ण होतात, असं मी शाळेत शरीरशास्त्राच्या तासाला शिकवायचोच.

आठवा दिवस उजाडला. शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी नगरला जायचं होतं. वर्गात बाई म्हणाली, "आज श्वास नको, आज ऐकायचं. डोळे मिटा. आधी लांबचे आवाज, मग जवळचे. चांगला-वाईट म्हणू नका. नुसतं ऐका. दहा मिनिटांनी सांगायचं."

मी हे स्पर्धा म्हणूनच घेतलं. सात आवाज पकडले आणि बोटांवर धरून ठेवले. डोळे उघडल्यावर बाईंनी एकेकाला विचारलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मला माजंच घोरनं ऐकू आलं, लई मोठं हाय वो ते." पाळकसाहेब म्हणाले, "गुडघे." मी सात आवाज सांगितले, आठ दिवसांनी तोंड उघडलं होतं, त्यामुळे जरा जास्तच खणखणीत सांगितले. मग बाईंची नजर माझ्या बायकोकडे गेली. मी हाताने खूण केली, की तिला नको विचारू. पण बाईंनी हळूच, अगदी हळूच विचारलं, "काकू, तुम्ही?"

"कारखान्याचा भोंगा," ती म्हणाली. "मग रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गेले, दोन. मागच्याची ट्राली कुटंतरी घासत व्हती. हॉलच्या मागं झाडावर भारद्वाज बोलला. मोरीतला नळ गळतोय. पाळकसाहेब मनातल्या मनात प्रार्थना म्हनत व्हते, पर मनातल्या मनात न्हाई, ओठांनी. तुमच्या बांगड्या दोनदा वाजल्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांच्या घड्याळाची टिकटिक. आन् ह्यांचा श्वास. आदी लई जोरात चालायचा. आठ दिवसांत हळू झालाय."

ती माझ्यापासून तीन चटया पलीकडे बसली होती.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, काकूंचे कान लई तिखट हाईत की!"

घरी जाताना मी बोललो नाही. मौन संपलं होतं, पण आता ते रागाचं सुरू झालं होतं. तीन वर्षं! तीन वर्षं मी या बाईच्या कानांसाठी देवाला विनवत होतो. कालव्याच्या पुलावर आलो तेव्हा मी थांबलो. मला मोठ्याने बोलायचं होतं, पण आठ दिवसांच्या शिक्षेने घशाची किल्ली कुठेतरी हरवली होती. आवाज साधाच निघाला.

"तुला ऐकू येतं?"

"येतं."

"सगळं?"

"समदं. शेजारनीलापन येतं."

"मग त्या दिवशीची शिट्टी?"

"ती तर राहुरीपतूर गेली आसंल."

"मग उठली का नाहीस?"

"मी काय तुमच्या शाळेत न्हवते," ती म्हणाली.

पुलाखालून पाणी चाललं होतं, आम्ही दोघं कठड्याला टेकून ते बघत राहिलो. मग तिनेच सांगितलं, पाण्याकडे बघत. "तुमी रिटायर झालात आन् बाहीर खुर्ची टाकली. म्हनलं, आता मानूस घरात आलं. पर घरात कुटं आलं? चहा, पेपर, चष्मा, समदं तितनंच. मी आननार, ठिवनार, परत आत. दिवस सरला. एकदा कुकरची शिट्टी चालली व्हती, तवा खरंच ऐकू आलं न्हाई. तर तिसऱ्या हाकेला तुमी उटून आत आलात. चिडलात, मग स्टुलावर बसलात, आन् आर्धा तास बोलत बसलात. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिशी मी तिसऱ्या हाकेची वाट बगितली."

"मग मला सांगायचं ना, की आत येऊन बस म्हणून."

"सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "तुमाला ऐकू आलं न्हाई."

मला फार लाज वाटली. बाई रोज सकाळी म्हणायची, आत काय चाललंय ते बघा, आणि मी दोन महिने आत डोकावून नुसती रांग सरळ करत बसलो होतो. पुलावर पहिल्यांदा मी खरंच बघितलं, आणि तिथे एक माणूस खुर्चीत बसून ओरडत होता, कारण उठायचं त्याच्या जिवावर येत होतं. मी तिला सॉरी म्हटलं. ते इतकं हळू म्हटलं गेलं की मलाच नीट ऐकू आलं नाही. तिला आलं.

दवाखान्याची वेळ मी घरी आल्या आल्या फोन करून रद्द केली. शिट्टी अजून बाईंकडेच आहे. मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने व्हरांड्यात खुर्चीत जाऊन बसलो. चहाची वेळ झाली. मुद्दाम, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणालो, "अगं, चहा." आतून काही उत्तर आलं नाही. तिला ऐकू आलंय हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी दुसरी हाक मारली नाही. उठलो आणि आत गेलो. ओट्यावर दोन कप भरून ठेवले होते, वाफ निघत होती, आणि स्टूल पुढे ओढून ठेवलं होतं.

ती पाठमोरीच होती. म्हणाली, "काही म्हनलात?"

"काही नाही," मी म्हणालो, स्टुलावर बसलो आणि मेथीची जुडी पुढे ओढली.